शिजियाझुआंगमध्ये मराठी कुटुंबाला राहणं कितपत जमेल?

तुम्ही विचारलंय की औषध कंपनी तुमच्या नवऱ्याला दोन वर्षांसाठी शिजियाझुआंगला पाठवतेय, बीजिंग-शांघायची माहिती ढीगभर मिळते पण या गावाबद्दल कुणी बोलत नाही, त्यात तुम्ही शाकाहारी. मग जावं की नाही?

जा. मी मूळचा सोलापूरचा, औषधांच्या कच्च्या मालाच्या कामातला. तिथे तीन वर्षं काढून आलोय.

‘झुआंग’ म्हणजे वाडी. शी आडनावाच्या लोकांची वाडी, एवढाच त्या नावाचा अर्थ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते खरंच खेडं होतं. मग रेल्वेचं जंक्शन झालं आणि वाडीचं नशीब पालटलं. आज ती हबेई प्रांताची राजधानी आहे, आजूबाजूचे तालुके धरून लोकसंख्या कोटीच्या वर. बीजिंग 280 किलोमीटरवर, वेगवान गाडीने सव्वा-दीड तास. 2017 पासून मेट्रोही आहे.

पहिले पंधरा दिवस मात्र जड जातात, कारण तिथे फोन चालू झाल्याशिवाय माणूस चालू होत नाही. भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते. निघण्यापूर्वीच अलीपे हे पैसे द्यायचं तिथलं अॅप उतरवून त्याला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा. 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार लागत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर तीन टक्के लागतात. गूगल आणि व्हॉट्सअॅप तिथल्या नेटवर उघडत नाहीत, पण भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. म्हणून ते सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपीही त्यावरच येणार. नकाशासाठी तिथलंच अॅप घ्या.

घराचं भाडं बहुधा तीन महिन्यांचं एकदम, वर एक महिन्याचं डिपॉझिट. हॉटेल सोडून घरात गेलात की 24 तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. आमच्या घरमालकाने आयुष्यात परदेशी भाडेकरू पाहिला नव्हता. त्या नोंदीसाठी लागणारे घराचे कागद द्यायला तो दोन दिवस टाळाटाळ करत राहिला, पोलिसांची बोलणी मात्र मी खाल्ली. घर ठरवतानाच हे कबूल करून घ्या.

आता खाणं. हॉटेलात ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, एवढं सांगून भागत नाही. मांस नसतं, पण रस्सा हाडांचा असतो, म्हणून तेही विचारावं लागतं. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी कुठेही मिळेल. ‘ती सान श्येन’ नावाची बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची भाजी मला इतकी आवडली की आता घरी करतो. पण खरी गंमत घरच्या स्वयंपाकात. तिथे शेंगदाणे मुबलक, त्यामुळे दाण्याच्या कुटाची ददात नाही. जिरं, कोथिंबीर, लसूण, मूग सगळं मिळतं. आणि चक्क ज्वारी! तिकडे तिला काओल्यांग म्हणतात, पीठ ऑनलाइन मागवता येतं. रंगाला तांबूस आणि थोडं हट्टी, पण उकड काढून मळलं तर भाकरी थापता येते. पहिली फुगली तेव्हा बायकोने आईला व्हिडिओ कॉल केला होता. तूरडाळ, मोहरी, कढीपत्ता मात्र कोपऱ्यावर मिळायचा नाही. चीनमधल्याच यिवू या व्यापारी शहरात भारतीय व्यापारी बरेच आहेत, तिकडच्या किराणावाल्यांकडून आम्ही कुरियरने मागवायचो.

इंग्रजी जवळपास कुणाला येत नाही, आणि परदेशी माणसं कमी म्हणून लोक टक लावून बघतात. त्यात वाकडं काही नसतं. आमच्या इमारतीतल्या आजीबाई आपल्यासारखंच ‘जेवलात का?’ विचारून बोलायला सुरुवात करायच्या. ‘यिंदू’, म्हणजे भारत, म्हटलं की जुनी माणसं ‘ख तीहुआ’ म्हणतात, म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे. 1942 साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांची समाधी याच शहरात, झोंगशान रस्त्यावरच्या हुतात्मा स्मारकात आहे, त्यांच्यासारखेच चीनमध्ये सेवा केलेले कॅनडाचे डॉ. बेथ्यूनही तिथेच. सोलापूरचा माणूस म्हणून मला तिथे पहिल्यांदा जाताना फार अवघडल्यासारखं झालं. काय न्यायचं कळेना, शेवटी नुसती फुलं नेली.

हवा हा खरा तोटा. हिवाळ्यात धुरकं साचतं, काही दिवस मास्कशिवाय बाहेर पडवत नाही. लहान मूल किंवा दम्याचा त्रास असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्र पहिल्या आठवड्यात घ्या. एप्रिल-मेमध्ये झाडांचा कापूस उडून नाकात जातो. जूनचं ऊन मात्र सोलापूरकराला ओळखीचं, पारा चाळिशीला टेकतो. थंडीत शून्याखाली उतरतो, पण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च घराघरात सरकारी हीटिंग असतं, आत स्वेटरही नको होतो. हवा इतकी कोरडी होते की दाराची कडी धरली तरी चटका बसतो. आम्ही रेडिएटरवर ओला टॉवेल टाकायचो.

जायची तारीख तुमच्या हातात असेल तर सप्टेंबर मागा. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा टाळाच. तेव्हा थंडी येऊन बसलेली असते आणि हीटिंग सुरू झालेलं नसतं. आम्ही नेमके त्याच दिवसांत पोहोचलो आणि दहा दिवस कानटोपी घालून झोपलो.