कोरलवर शेवाळ चढलंय, औषध टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मडगावला घरी तीन फुटी रीफ टँक (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ असलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, वर्षभर छान चालला. मार्चपासून हॅमर कोरलच्या (कठीण सांगाड्याच्या फांद्या असलेल्या) दांड्यांवर आणि झोआंथिड या मऊ, सांगाडा नसलेल्या जिवांच्या प्लगांवर (ते चिकटवलेल्या छोट्या चकत्यांवर) हिरवं, केसाळ शेवाळ चढायला लागलं. आता झोआ (झोआंथिड) उघडतच नाहीत. टेस्ट किटवर नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. उकाड्यामुळे टँकवर पंखे लावलेत आणि उडून गेलेलं पाणी रोज स्वयंपाकघरातल्या आरओमधून भरता. दुकानदार सांगतो की बाटलीतलं शेवाळनाशक ओता आणि तीन दिवस टँक झाकून काळोख करा. करू का?

नको. दोन्ही नको.

बाजारातली बरीच शेवाळनाशकं गोड्या पाण्याच्या टँकसाठी बनवलेली असतात आणि त्यांतल्या अनेकांत तांबं असतं. तांबं म्हणजे गोगलगायी, कोळंब्या आणि कोरल यांना विषच. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरतं, पाणी बदलून लगेच जात नाही. बाटलीत तांबं नसलं तरी इतकं शेवाळ एकदम मारलंत की ते टँकमध्येच कुजणार. कुजताना ऑक्सिजन खाणार आणि पोटात साठवलेलं सगळं फॉस्फेट पाण्यात परत सोडणार. मे महिन्यात आपल्याकडे टँकचं पाणी २९-३० अंशांवर जातं, त्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो. एका रात्रीत मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. आणि तीन दिवसांच्या काळोखाने केसाळ शेवाळ मरत नाही. फिकं पडतं, लाइट लागला की पुन्हा उभं राहतं. उपास घडतो तो कोरलला, कारण त्याच्या पेशींच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरल त्यावर जगतं. ‘सगळं शेवाळ मारतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही औषधाचा वार त्या आतल्या शैवालावरही होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

धडधाकट कोरलच्या जिवंत मांसावर शेवाळ सहसा बसू शकत नाही. कोरल अंगावरून सतत चिकट स्राव सोडत असतं, त्याबरोबर कचरा वाहून जातो. शेवाळ बसतं ते उघड्या सांगाड्यावर. हॅमरचं मांस फक्त दांडीच्या टोकाला असतं, खालची दांडी मुळातच उघडी असते. त्यामुळे दांडीवर शेवाळ दिसलं म्हणजे कोरल आजारी, असं नाही. काळजी तेव्हा करायची जेव्हा शेवाळाचे तंतू मांसाच्या कडेला लागतात. प्रवाहाबरोबर ते तंतू मांसाला सारखे घासतात, मांस आत ओढलं जातं, सांगाड्याचा थोडा भाग उघडा पडतो आणि तोही शेवाळ बळकावतं. शिवाय शेवाळातून साखरेसारखे पदार्थ पाझरतात, त्यावर जिवाणू वाढतात आणि जिथे दोघं भिडतात त्या रेषेवर ऑक्सिजन घटतो.

म्हणून आज रात्री लाइट बंद झाल्यावर बॅटरी घेऊन टँकसमोर बसा आणि हॅमरची प्रत्येक दांडी बाजूने बघा. मांस संपतं आणि शेवाळ सुरू होतं, त्या दोन्हींच्या मधे पांढरीशुभ्र कडा दिसते का? दिसत असेल तर मांस आत्ता, या आठवड्यात मागे सरकतंय, आणि शेवाळ त्याच्या मागोमाग येतंय. मग कारण दुसरीकडे शोधावं लागेल: अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) वरखाली होतेय का, पाणी फार तापतंय का, पंपाचा झोत थेट त्याच्यावर येतोय का. पांढरी कडा नसेल आणि शेवाळाखालची दांडी जुनी, मळकट तपकिरी असेल तर कोरल ठीक आहे, फक्त शेवाळ उपटायचं आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

आता ते शून्य. नायट्रेट-फॉस्फेट शून्य आणि शेवाळ वीतभर, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. किट मोजतं ते पाण्यात उरलेलं. तुमच्याकडे जे येतं ते शेवाळ आधीच उचलतं, म्हणून पाण्यात काही उरत नाही. तेव्हा शून्य बघून ‘पाणी स्वच्छ आहे’ असं समजू नका, आणि घाबरून फॉस्फेट काढणारी पावडर तर मुळीच घालू नका. पाणी खरोखर उपाशी झालं तर केसाळ शेवाळाच्या जागी डायनोफ्लॅजेलेट येतात. बुडबुडे धरलेली ती तपकिरी शेंबडी जाळी हटवणं याहून कितीतरी अवघड, आणि तिच्या काही जाती गोगलगायी मारतात.

मग खाद्य येतं कुठून? माझा सगळा संशय तुमच्या आरओवर आहे. घरगुती आरओच्या बऱ्याच मॉडेलांत ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण). पाण्याला चव यावी म्हणून तो मूळ पाण्याचा थोडा भाग गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. माणसाला ते चांगलं, टँकला वाईट. पंख्याने रोज पाणी उडतं, पण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. तुम्ही वरून पुन्हा थोडं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट असलेलं पाणी घालता. मार्च ते मे हेच रोज चालतं. शेवाळ मार्चपासूनच का वाढलं, याचं उत्तर मला इथे दिसतं. त्यात तुमच्या आरओला विहिरीचं पाणी जोडलेलं असेल तर आणखी पंचाईत. आपल्याकडे विहीर, शोषखड्डा आणि शेणखत घातलेले माड एकाच परड्यात असतात, आणि जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं. त्यापेक्षा साळावली धरणाचं नळाचं पाणी बरं, फक्त त्यातलं क्लोरीन काढायला कार्बन फिल्टर हवा.

टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो आधी घ्या. टँकसाठी आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे मणी) लावलेलं पाणी लागतं आणि मीटरवर आकडा शून्य यायला हवा. स्वयंपाकघरातल्या मशीनवर ४०-५० येत असेल तर ते पाणी टँकला बंद. समुद्राचं पाणी आणून काम भागवावं असंही मनात येईल, कोलवा जवळच आहे. माझं मत, आणू नका. पावसाळ्यात नद्या भरून वाहतात, किनाऱ्यालगतची क्षारता घसरते आणि शेतांतलं, गटारांतलं सगळं त्यात उतरतं. साळ नदी बेतूलला समुद्रात शिरते, मडगाव परिसराचं सांडपाणी पोटात घेऊन. पाकिटातलं मीठ आणि शून्य टीडीएसचं पाणी, क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), एवढंच ठेवा.

हाताने काढण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण खरा फरक त्यानेच पडतो. झोआंथिडपासून सुरुवात करा आणि आधी हातमोजे, चष्मा घाला. झोआंथिड आणि त्यांच्या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असू शकतं. हाताला चीर असताना त्यांना हात लावू नये, कोरडे खरवडू नयेत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. त्या वाफेने घरातली माणसं दवाखान्यात पोचू शकतात. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका.

टँकचंच पाणी एका भांड्यात घ्या, प्लग त्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून कोरडा करू नका. बोथट चिमट्याने शेवाळाचा झुपका अगदी बुडाशी धरा आणि हळू ओढा. मधेच तुटला तर बूड राहतं आणि आठवड्यात पुन्हा वाढतं. नीट धरलंत तर मुळाशी दगडाचा कण घेऊन अख्खा निघतो. सुटलेले तंतू भांड्यातच राहतात, टँकभर पसरत नाहीत, म्हणून हे काम बाहेर करायचं. नंतर प्लगची कड मऊ टूथब्रशने घासा, पॉलिपना (झोआंथिडच्या फुलासारख्या तोंडांना) ब्रश लागू देऊ नका. स्वच्छ पाण्यात हलवून परत ठेवा. झोआ मिटलेले असतात ते बहुतेक वेळा तंतू अंगाला लागत असल्यामुळेच. तंतू गेले की दोन-चार दिवसांत उघडायला लागतात.

हॅमरच्या दांड्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्के, म्हणजे २० व्हॉल्यूमचं मिळतं. त्यात तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. कोरल बाहेर काढून मांसाचं टोक वर धरा, बारीक ब्रशने फक्त उघड्या दांडीवर लावा, मिनिटभर फेस येऊ द्या, मग टँकच्या पाण्याने धुऊन ठेवा. एक थेंबही मांसावर ओघळू देऊ नका. शेवाळ दोन-तीन दिवसांत पांढरं पडतं. एका दिवशी एकच कोरल घ्या, म्हणजे काही बिघडलं तर एकावरच निभावेल. दगडांवरचं शेवाळ दर आठवड्याला पाणी बदलताना नळी लावून उपटत ओढून घ्या, दहा टक्के पाणी तसंही बदलायचंच आहे.

उपटल्यावर राखायला चरणारे जीव हवेतच. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे डायडेमा जातीचे सी अर्चिन रोगाने पटापट मेले, आणि पुढच्या काही वर्षांत जमैकासारख्या ठिकाणचे रीफ शेवाळाने झाकले गेले. तुमच्या तीन फुटांत टर्बो गोगलगायी आणि काही हर्मिट खेकडे पुरेत. टँग मासा शेवाळ खातो हे खरं, पण तीन फुटी टँक त्याला फार अपुरा, घेऊ नका. लांब, जुनं शेवाळ गोगलगायीही खात नाहीत, म्हणून आधी हात, मग गोगलगाय. त्या किनाऱ्यावरून मात्र उचलून आणू नका.

कोरलबद्दलही हेच, आणि हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. सांगाड्याचे सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या गोव्याच्या ग्रँडी बेटाजवळ गढूळ पाण्यात ते कसेबसे तगून आहेत. तिथून तुकडा किंवा दगड काढून आणणं गुन्हा आहे, आणि तसा कुणी विकत असेल तर घेऊ नका. तुमच्या हॅमरची आयातीची कागदपत्रं असतील असं धरून मी हे लिहितोय; नसतील तर आधी तो प्रश्न वन खात्याशी बोलून सोडवा.

बाकी थोडक्यात. मुख्य लाइट आठ तासांवर आणा, पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर पडदा लावा. गोठवलेलं खाद्य विरघळल्यावर गाळणीत धुऊन घाला. बाजारातून आणलेली सुंगटं (कोळंबी) किंवा तिसऱ्या (शिंपले) चिरून घालत असाल तर ते बंद करा, त्यांच्या रसातून भरपूर फॉस्फेट जातं. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचच्या (किटवरचं तिचं एकक) दरम्यान एका जागी ठेवा.

शेवाळ कमी होत जाईल तसे किटचे आकडे वर येतील. तेव्हा दचकू नका, खाणारं कमी झालं म्हणून ते दिसताहेत. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ हे कोरलला हवंच असतं. फॉस्फेट ०.२ च्या वर टिकून राहिलं तरच लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर लावा, तोही सांगितलेल्या मात्रेच्या पाव. फॉस्फेट झटकन उतरवलं तर हॅमर मांस सोडतो.

जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याने पाणी कमी उडेल आणि टँक कमी थंड होईल. पारा २८ च्या वर राहायला लागला तर चिलरचा विचार करा. वीज जाण्याचे दिवसही तेच; एक पंप इन्व्हर्टरवर ठेवा. उपटलेलं शेवाळ आणि बदललेलं पाणी ओहोळात किंवा खाडीत ओतू नका. कापाफायकस नावाचं बाहेरून लागवडीसाठी आणलेलं शेवाळ मन्नारच्या आखातात पसरून तिथल्या जिवंत कोरलवर चढलेलं आहे. आपलं शेवाळ उन्हात वाळवून कचऱ्यात टाका.

या सगळ्याला दीड-दोन महिने लागतील. सुधारणा ओळखायची खूण अशी की शेवाळ फिकं पडतं आणि चिमट्याला जोर न लावता सुटतं. आधी आरओच्या पाण्याचा टीडीएस मोजा आणि तो आकडा इथेच लिहा, त्या मशीनला पाणी नळाचं आहे की विहिरीचं तेही सांगा. डीआय नुसतं पुढे जोडून भागेल की टँकसाठी वेगळं युनिट घ्यावं लागेल, ते त्यावरून सांगतो.