नायटिनॉलची तार गरम पाण्यात काहीच करत नसेल तर

नायटिनॉल हा आकार लक्षात ठेवणारा धातू, वाकवून गरम केला की मूळ आकारात येतो. तुम्ही प्रोजेक्टसाठी मागवलेली त्याची अर्धा मिलिमीटरची तार पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडली की टणकन सरळ होते, पण उकळत्या पाण्यात टाकली तर ढिम्म. म्हणून माल डुप्लिकेट आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. साधी स्टीलची तार असती तर गुंडाळलेलीच राहिली असती. तुम्हाला आलाय तो सुपरइलॅस्टिक प्रकार, म्हणजे खूप वाकवला तरी सोडताच गरम न करता सरळ होणारा. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ निम्मे-निम्मे असलेल्या या मिश्रधातूत अणूंची रचना दोन तऱ्हेची असते: थंडीत मऊ मार्टेन्साइट, उष्णतेत ताठ ऑस्टेनाइट. अदलाबदल कोणत्या तापमानाला होणार हे निकेल ठरवतं, आणि त्यात ०.१ टक्क्याचा फरक पडला तरी ते सुमारे १० अंशांनी सरकतं. तुमच्या तारेचं हे तापमान खोलीच्या तापमानाच्या खालीच आहे. तिच्या लेखी ती आधीच तापलेली आहे, उकळतं पाणी आणखी काय करणार? रक्तवाहिनीत आपोआप उघडणाऱ्या स्टेंटना नेमका हाच गुण लागतो.

खात्री करायची तर बर्फात भरपूर मीठ घाला आणि तार पाण्यातच बुडवून वाकवा. बाहेर काढून वाकवू नका, बोटांच्या उबेनेच ती बदलते. मऊ पडून वाकली आणि बाहेर काढल्यावर सरळ झाली, तर शंका मिटली. (१९६१ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत बैठकीत दुमडलेल्या पट्टीला कुणीतरी सहज लायटर लावला आणि ती उलगडली. तुम्ही तेच उलट बाजूने करताय.)

प्रोजेक्टला ॲक्च्युएटर वायर मागवा, म्हणजे करंटने तापवली की आखडणारी तार, ७० किंवा ९० अंशांना बदलणारी. विकणाऱ्याला तापमान विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका. गॅसच्या ज्योतीवर नवा आकार द्यायच्या फंदात पडू नका. त्याला स्टीलच्या साच्यात घट्ट आवळून भट्टीत ५०० अंशांच्या आसपास काही मिनिटं ठेवावं लागतं. ज्योतीवर तार जळून वाया जाते.

सोल्डर धरत नाही, टोकं क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत घालून दाबून बसवा. हजारो वेळा चालवायची असेल तर लांबीच्या ४ टक्क्यांपुढे ताणू नका. आणि करंट बंद केला की ती मऊ पडते, पण आपणहून पुन्हा लांब होत नाही. समोरून ओढायला एक स्प्रिंग किंवा टांगलेलं वजन द्यावंच लागतं.