व्हाइलच्या कंसात स्वल्पविराम: खरी अट कोणती?

तुम्ही सी भाषेच्या प्रोग्राममध्ये व्हाइल (अ < ५, ब < १०) असं लिहिलंय. अ आणि ब दोन्ही ० पासून एकेकाने वाढतात, तरी लूप ५ ऐवजी १० वेळा का फिरतो, असा तुमचा प्रश्न आहे.

कारण लूप फक्त ब < १० कडे बघतो. इथला स्वल्पविराम म्हणजे कॉमा ऑपरेटर, तो आधी डावी बाजू काढतो, तिचं उत्तर टाकून देतो, मग उजवी बाजू काढतो. उजवीकडचं उत्तर तेच पूर्ण कंसाचं उत्तर. म्हणजे अ < ५ दर फेरीला तपासलं जातं, पण वाया जातं. दोन्ही अटी हव्या असतील तर && लिहा. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल केलंत तर जीसीसी (सीचा कंपाइलर) नेमकी हीच ओळ दाखवतो, ती सवय लावाच.

मग हा ऑपरेटर कशाला? डावीकडे काहीतरी काम घडणार असेल तेव्हा:

व्हाइल (न = पुढचा(), न != ०)

इथे दर फेरीला आधी नवा आकडा येतो, मगच तपासणी होते. डावीकडचं काम पूर्ण झाल्यावरच उजवीकडचं सुरू होतं, याची सी भाषा हमी देते. मला हा वापर फार आवडतो, आकडा घेणारी ओळ दोनदा लिहावी लागत नाही.

कॉमाची प्रेसिडेन्स (कोणता ऑपरेटर आधी लागू होतो तो क्रम) सगळ्यात खालची, = च्याही खाली. त्यामुळे क = १, २; मध्ये क ला १ मिळतो, क = (१, २); मध्ये २. फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधला स्वल्पविराम मात्र ऑपरेटर नव्हे, तिथे क्रमाची हमी नाही.