हाँगकाँगच्या पंचतारांकित हॉटेलातल्या चिनी रेस्टॉरंटमध्ये आईबाबांना न्यायचं आहे. आई शाकाहारी आहे. काय मागवावं, किती खर्च येईल?

तुम्ही लिहिलंय की आईबाबा पहिल्यांदाच हाँगकाँगला येतायत, त्यांना एकदा तरी भारी हॉटेलात ‘खरं चायनीज’ खायला घालायचंय, पण आई मांसमच्छी खात नाही, बाबांना माशाशिवाय चालत नाही आणि बिलाची धास्ती आहे. मी इथे नऊ वर्षं नोकरी करतोय. माझी आई माळकरी, बाबा मालवणचे. म्हणजे तुमचा प्रश्न माझ्या घरात आधीच सोडवून झालाय, एकदा फजिती करून.

पहिली गोष्ट, रात्री नेऊ नका, दुपारी न्या. डिमसम, म्हणजे डंपलिंगसारखे छोटे छोटे, बहुतेक वाफवलेले पदार्थ, हा इथे सकाळ-दुपारचा प्रकार. त्या जेवणाला म्हणतातच ‘यम चा’, म्हणजे चहा पिणं. बहुतेक मोठ्या हॉटेलांत रात्री डिमसम मिळत नाही. रात्रीच्या मेनूत अबलोन हा महागडा शिंपला, सुकवलेले सागरी जिन्नस वगैरे असतात आणि आकडे बघूनच भूक मरते. दुपारी तेच किचन, तेच शेफ, तीच खिडकी, आणि बिल साधारण निम्मं. शिवाय समुद्र उजेडात दिसतो.

कुठे जायचं? पेनिन्सुला हे १९२८ सालचं हॉटेल, त्यातलं स्प्रिंग मून १९८६ पासून आहे. जुन्या शांघायच्या धर्तीची लाकडी सजावट, शांत. आईबाबांसाठी माझं मत यालाच. सेंट्रल भागात फोर सीझन्स हॉटेलचं लुंग किंग हीन आहे. रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलिन गाइडच्या २००९ च्या आवृत्तीत सर्वोच्च, म्हणजे तीन तारे मिळवणारं हे जगातलं पहिलं चिनी रेस्टॉरंट. समोर बंदर दिसतं, पण खिडकीचं टेबल हवं तर बरंच आधी बुकिंग करावं लागतं. मँडरिन ओरिएंटलचं मान वा १९६८ चं, पंचविसाव्या मजल्यावर. तिन्हीकडे बाबांना हाफ पँट आणि सँडलवर नेऊ नका.

आता आईचं. बुकिंग करतानाच सांगा, टेबलावर बसल्यावर नको. आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. कँटोनीज, म्हणजे इथल्या दक्षिण चिनी स्वयंपाकात त्याचा अर्थ पुष्कळदा ‘वरून मांसाचे तुकडे दिसत नाहीत’ एवढाच निघतो. भाजी ज्या रश्शात शिजते तो कोंबडी आणि हॅमचा, वरचा तपकिरी सॉस ऑयस्टरचा, म्हणजे कालवांचा. मुळ्याचा केक म्हणून वडीसारखा एक झकास पदार्थ मिळतो, त्यात हटकून सुकी कोलंबी आणि सॉसेज असतं. शब्द वापरायचा तो ‘चाय’. यातला च ‘चांगला’मधला, ‘चहा’मधला नव्हे, म्हणजे मराठी माणसाला हा उच्चार फुकटात येतो. ‘ङो सिक चाय’ म्हणजे मी बौद्ध पद्धतीचं शाकाहारी खाते. हे म्हटलं की किचनला नेमकं कळतं, कारण इथे प्रतिपदा-पौर्णिमेला असं खाणारे स्थानिक लोकही पुष्कळ आहेत. गंमत म्हणजे या जेवणात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण तिथेच उतरला. अंड्याचं मात्र वेगळं सांगा, तिथे घोळ होऊ शकतो.

तिच्यासाठी लो हान चाय मागवा: मशरूमचे दोन-तीन प्रकार, बांबूचे कोंब, कानाच्या आकाराची काळी बुरशी, टोफूची साय, सगळं मंद आचेवर एकत्र शिजवलेलं. शाकाहारी वाफवलेले डंपलिंग बहुतेक ठिकाणी असतातच. शेवटी आंबा, पोमेलो (पपनस) आणि साबुदाण्याचं गार गोड. साबुदाणा बघून आई म्हणाली, ‘हा यांच्याकडेही आहे?’ आणि मग दोन वाट्या संपवल्या.

आता फजिती. ते हॉटेल कुठलं ते सोडा, चूक आमचीच होती. टेबलावर छोट्या बशीत लाल तेलात बुडालेली दाणेदार चटणी ठेवलेली. जेवण आईला फिकं लागत होतं. तिने ती मिरचीची चटणी समजून चमचाभर भातावर घेतली, कालवली, घास तोंडाशी नेला, आणि वेटर अक्षरशः धावत आला. तो एक्सओ सॉस होता. सुकवलेले शिंपले, सुकी कोलंबी, हॅम, मिरची, लसूण, तेल. नाव महागड्या कोन्याक ब्रँडीवरून घेतलंय, पण त्यात दारू नसते. ऐंशीच्या दशकातला हाँगकाँगी थाट, आणि त्याचं जन्मस्थान म्हणून बरेच जण स्प्रिंग मूनकडेच बोट दाखवतात. बाबांनी ती अख्खी बशी एकट्याने संपवली आणि आईकडे न बघता म्हणाले, ‘आपला सुकटीचा ठेचाच की!’ तर आईसमोर लाल काही आलं की आधी विचारा.

फिकं लागण्याबद्दल. आपल्या डोक्यात चायनीज म्हणजे शेजवान आणि मंचुरियन. मंचुरियन तर १९७५ च्या सुमारास मुंबईत, नेल्सन वांग यांच्या हातून जन्मलं असं सांगतात. इथे ते मागितलंत तर समोरचा नम्रपणे हसेल. कँटोनीज स्वयंपाकाचा सगळा अहंकार ताजेपणावर आणि वाफेवर आहे. हार गाऊ, म्हणजे कोलंबीचं डंपलिंग, काडीने उचलून उजेडात धरा: पारी इतकी पातळ की आतली गुलाबी कोलंबी दिसते, पण उचलताना फाटत नाही आणि टोपलीलाही चिकटत नाही. मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बाईला हे दाखवायला लागत नाही. आईने ते खाल्लं नाही, पण बाबांच्या हातातून काढून घेऊन कळ्या मोजल्या. तेरा. ‘हात बरा आहे,’ म्हणाली. तिखट लागलंच तर सोया सॉसमध्ये ताज्या मिरच्या चिरून मागा, लगेच देतात, कोणी नाक मुरडत नाही.

आईला आवडलेली अजून एक गोष्ट: प्रत्येकापुढे काड्यांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी मधल्या ताटातून वाढून घ्यायला, दुसरी तोंडात घालायला. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर ही पद्धत इथे पक्की रुजली. मी हे रोगराईच्या अंगाने समजावत होतो, तर ती म्हणाली, ‘म्हणजे उष्टं पाळतात.’ काड्या जमत नसतील तर काटा-चमचा मागा. फक्त काड्या भातात उभ्या खोचू नका, ते मृतांसाठीच्या उदबत्त्यांसारखं दिसतं. कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, म्हणजे आभार. चहाची किटली संपली की झाकण तिरपं ठेवा, हाक मारावी लागत नाही.

बाबांसाठी मासा. अख्खा, टाकीतला जिवंत, वाफवलेला. बहुतेकदा ग्रूपर, म्हणजे आपल्या गोबऱ्याच्या जातीचा. मेनूत किंमत छापलेली नसते, बाजारभाव असतो, आणि तो अनेकदा ‘ताएल’वर सांगतात. एक ताएल म्हणजे जेमतेम अडतीस ग्रॅम, सोळा ताएलचा एक कॅटी, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. तेव्हा सांगितलेला आकडा ताएलचा की अख्ख्या माशाचा, हे संकोच न करता विचारा. इथली श्रीमंत मंडळीही विचारतात. मोजून काही मिनिटं वाफवतात, वर आलं आणि कांद्याची पात, त्यावर कडकडीत तेल आणि गोडसर सोया. काट्यालगतचं मांस किंचित कच्चट, गुलाबी असलं तर तो दोष नाही, तीच पारख. माशाचं डोकं टेबलावरच्या ज्येष्ठ माणसाकडे करून ठेवतात.

बाबांनी आधी त्या माशाकडे संशयाने पाहिलं. तिरफळ नाही, कोकम नाही, नारळ नाही, हळदसुद्धा नाही. पहिला घास खाल्ला आणि बोलायचे थांबले. गालाचं मांस काढलं, मग डोळ्यामागचं, मग डोकं हातात घेऊन चोखलं. आम्ही इकडेतिकडे बघत होतो, पण शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थ बाबांकडे बघून मान डोलावत होते. शेवटी बाबा एवढंच म्हणाले, ‘आपण मसाला जास्त घालतो की काय?’ मालवणात हे वाक्य उच्चारलं असतं तर वाळीत टाकलं असतं.

बदकाच्या फंदात तिघांनी पडू नये असं माझं मत. पेकिंग डक मुळात उत्तरेकडचं, बहुधा आधी सांगावं लागतं, आणि अख्खं बदक चार-सहा जणांचं काम आहे.

खर्च: दुपारी डिमसम, एक-दोन भाज्या, भात किंवा नूडल्स आणि गोड असं धरून माझ्या अनुभवात माणशी पाचशे ते आठशे हाँगकाँग डॉलर होतात. जिवंत मासा याच्या बाहेर. वर दहा टक्के सेवाशुल्क लागतंच, त्यामुळे वेगळी टिप द्यायची गरज नाही. चहाचे पैसे माणशी लागतात, किटलीमागे नाही. मला विचाराल तर पो लेइ घ्या, काळा, मातकट, तेलकट जेवणावर उत्तम. आईला जास्मिन आवडेल.

आणि बसल्याबसल्या समोर येणारे साखरेत घोळलेले अक्रोड किंवा लोणच्यातली काकडी? तीही अनेक ठिकाणी फुकट नसते. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, काढून टाकतात. आमच्या बाबांना हे बिल आल्यावर कळलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, खिशातून स्वतःचा रुमाल काढला आणि उरलेले अक्रोड शांतपणे त्यात बांधून घेतले.