प्रार्थनेला बसलं की डोळा लागतो

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचं सगळं करून नोकरी आणि रविवारच्या शाळेचा वर्गही सांभाळते. रात्री प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. ‘माझ्याकडे या, मी विसावा देईन’ हे वचन तोंडपाठ आहे, पण विसावा काही मिळत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही, ताई. तुमची झोप कमी पडते आहे. बायबलमधलं 1 राजे, अध्याय 19 उघडून पाहा. ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता. देवानं त्याला बोल लावला नाही. झोपू दिलं, दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन परत झोपला, तेव्हाही रागावणं नाही. उठवून पुन्हा खायलाच दिलं. ‘तू इथं काय करतोस?’ हा प्रश्न आला तो 40 दिवस चालून देवाच्या डोंगरावर, होरेबला पोहोचल्यावर. म्हणून प्रार्थना सकाळी किंवा दुपारी, जाग असताना करा. 10 मिनिटं पुरेत. रात्री आडवं झाल्यावर फक्त निर्धास्त झोपेबद्दलचं वचन, स्तोत्र 4:8, म्हणा आणि निजा.

आता त्या वचनाकडे वळू. मत्तय 11:28 मध्ये विसावा देऊ केल्यावर पुढच्याच ओळीत येशू ‘माझे जू घ्या’ म्हणतो. जू कामासाठीच असतं. म्हणजे काम उरतंच; फक्त जे ओझं मुळात आपलं नव्हतं, ते मानेवरून उतरतं. ते कुठलं, हे कागदावर लिहिल्याशिवाय सहसा कळत नाही. एका बाजूला आज तुमच्या हातात असलेलं लिहा : औषधाची वेळ, अंग पुसणं, रविवारचा पाठ. दुसऱ्या बाजूला हातात नसलेलं : सासूबाई बऱ्या होतील का, नातेवाईक काय म्हणतील, वर्गातली मुलं विश्वासात टिकतील का. ही दुसरी बाजू एकेक नाव घेऊन मोठ्यानं देवाला सांगा (1 पेत्र 5:7).

इथं बहुतेकांचं दोन ठिकाणी अडतं. ‘प्रभू, सगळं तुझ्या हाती’ असं मोघम म्हटलं की मन काहीच सोडत नाही, कारण काय सोडायचं हेच त्याला उमगत नाही. दुसरं, प्रार्थना करता करता उद्याची आखणी सुरू होते. शेजारी चिठ्ठी ठेवा. काम आठवलं की टिपा आणि परत या. रात्री तीच चिंता पुन्हा आली तर ‘हे सकाळी सोपवलंय’ एवढंच म्हणा. वीस वेळा म्हणावं लागलं तरी तो अविश्वास नाही.

आणि मदत मागा. निर्गम 18 मध्ये इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो बजावतो की लोकांचे तंटे सोडवण्याचं काम एकट्यानं केलंस तर झिजून जाशील, आणि हजार, शंभर, पन्नास, दहा जणांवर नायक नेमायला लावतो. मंडळीत ‘जमेल तशी मदत करा’ म्हणू नका, त्यानं कोणीच हलत नाही. ‘मंगळवारी 4 ते 6 सासूबाईंजवळ बसाल का?’ असं एका व्यक्तीला विचारा. वर्गही तीन महिने दुसऱ्या कुणाकडे द्या.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, कशातच मन लागेना किंवा विश्रांती घेऊनही गळून गेल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं, थायरॉईड, नैराश्य यांनीही असा थकवा येतो. मरणाचे विचार आले तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : विसाव्याच्या दिवशी राहिलेली कामं डोळ्यांसमोर नाचतात. काय करावं?

उत्तर : इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळणारं अन्न म्हणजे मान्ना. तो सहाव्या दिवशी दुप्पट, माणशी दोन ओमर (ओमर हे धान्याचं एक माप) गोळा करायचा होता (निर्गम 16). विसाव्याची तयारी आदल्या दिवशीच असते. स्वयंपाक, कपडे, फोनवरचे निरोप आदल्या संध्याकाळी उरका. पूर्ण दिवस जमत नसेल तर सलग 4 तासांपासून सुरुवात करा. आजाऱ्याची सेवा मात्र थांबवायची नाही. येशूनंही शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी रोगी बरे केले.