लेमिंग खरंच जीव देतात का?

प्रश्न: माझा मुलगा म्हणतो, लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या मारून मरतात, डॉक्युमेंटरीत बघितलंय म्हणे. खरं का हो?

उत्तर: छे हो, बनवाबनवी होती ती! डिस्नेच्या १९५८ च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’मधला सीन, त्या फिल्मला ऑस्करपण मिळालं बघा. नंतर १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी या टीव्ही वाहिनीने भांडं फोडलं, शूटिंग कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्रच नाही, लेमिंग मॅनिटोबा या दुसऱ्या प्रांतातून विकत आणलेले, बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर पळवून मूठभरांची झुंड दाखवली आणि मग चक्क नदीत ढकलले बिचाऱ्यांना. खरं एवढंच, की दर तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या भयंकर वाढते, मग नवी जागा शोधायला निघतात, वाटेत पाणी लागलं की पोहतात, काही बुडतात.