गुडघा जपता जपता मांडी सुकली

"गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे. आता जितकी चालेन तितका तो झिजणार ना?"

68 वर्षांच्या काकू सुनेचा हात धरून आल्या, त्या हाच प्रश्न घेऊन. आठवड्याला एक तरी जण मला हे विचारतो. काकूंनी वर्षभरात देवळात जाणं सोडलं, जिना सोडला, ओट्यापाशीही स्टूल घेतलं. सगळं गुडघा जपायला.

मी एक्स-रे बाजूला ठेवला. "काकू, हात छातीशी घ्या आणि या खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा." पहिल्याच वेळी हात आपसूक खुर्चीच्या दांड्यावर गेले, बांगड्या वाजल्या. मग हात न लावता केलं, तेव्हा 24 सेकंद लागले. 15 च्या वर गेलं की पायातली ताकद कमी झाली असं आम्ही धरतो.

चालताना गुडघ्याला बसणारे हिसके मांडीचा पुढचा स्नायू झेलतो. तोच सुकला की सगळा भार सांध्यावर येतो. शिवाय कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हाच वंगणातून तिला पोषण मिळतं.

"म्हणजे मीच वाट लावली का?" काकूंचे डोळे भरले. नाही हो. दुखतं म्हणून माणूस बसतो, बसल्याने मांडी सुकते आणि मग जास्तच दुखतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

खाण्याचं सुनेने सांगितलं: सकाळी चहा-खारी, दुपारी आमटी-भात, रात्री दूध-पोळी, गुरुवारी आणि एकादशीला साबुदाणा. वजन 60 किलो, म्हणजे या वयात दिवसाला 60 ते 70 ग्रॅम प्रथिनं हवीत. पोटात जात होती जेमतेम निम्मी. मूत्रपिंडाचा त्रास नाही हे डॉक्टरांकडून पक्कं केलं, मग खारीच्या जागी मुगाचं धिरडं आलं, दोन्ही वेळा घट्ट वरण, दही, संध्याकाळी फुटाणे-शेंगदाणे.

व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती पाच सेकंद दाबून धरायची, दहा वेळा. पुढे खुर्चीवरून उठणं-बसणं. थोडं ठणकून सकाळपर्यंत निवळलं तर चालू ठेवायचं. गुडघा सुजला, गरम लागला, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं.

तीन महिन्यांनी काकू आल्या. गुडघा अजून दुखतो, पण देवळापर्यंत जातात. पाच उठाबशांना 17 सेकंद. "15 च्या आत यायचंय मला," म्हणाल्या आणि पुढची तारीख स्वतःच मागून घेतली.